सतरावं पान

ग्रंथालयाच्या तळघरात, जिथे ऊन आलं तर पायापुरतंच येतं, तिथे एक बाई फाटकी पुस्तकं शिवत बसायची. वय एकावन्न, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बोटांना कायम चिकटवायच्या खळीचा वास. म्हणून वरच्या मजल्यावरची मंडळी तिला खळबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. "खळ आहे म्हणून तुमची पुस्तकं उभी आहेत," एवढं ऐकवून ती पुन्हा सुईत दोरा ओवायला लागायची.

तिच्याकडे पुस्तक यायचं ते शेवटच्या घटका मोजत असलेलं. कणा मोडलेला, पुठ्ठा लोंबतोय, पानं पिंजलेली. सत्तावीस वर्षं हे काम केल्यावर कुठलंही पुस्तक हातात घेतलं की ते कुठे सगळ्यात जास्त उघडलं गेलंय ते तिला कळायचं. लोकांना वाटतं प्रेमाची पानं मळतात. तीही मळतात, पण कादंबरीतली आई जिथे मरते ते पान सगळ्यात मळकं. तिथे बोटांचे डाग असतात, एखादा थेंब सुकून कागद फुगलेला असतो. एका वाचकाने तर ते पान ओढून घरीच नेलं होतं.

"चोराला वाटतं एकच पान गेलं," ती वरच्या ग्रंथपालबाईंना सांगायची. "पण मधोमध दुमडून शिवलेल्या कागदात इकडचं पान आणि तिकडचं पान एकच असतं. इकडचं ओढलं की तिकडचं त्याचं जोडपान आज ना उद्या सुटतं. चोर एक नेतो, मला दोन शोधावी लागतात."

ग्रंथपालबाई मान डोलवायच्या आणि चहाला निघून जायच्या. शिवणीतलं कुणाला काय पडलंय!

खळबाईचं लग्न राहून गेलं होतं. का राहिलं ते विचारणारे आता उरले नव्हते, म्हणून तेही एक बरं होतं. घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आतल्या खोलीत लोखंडी खाट, खाटेवर आई. चौदा महिन्यांपूर्वी आई सकाळी न्हाणीघरात पडली ती उजव्या अंगाने उठलीच नाही. उजवा पाय लाकूड झाला. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच, रोज कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवून धुवावी लागे, नाहीतर आत घाण वास सुटे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "बोलणं गेलंय, वाचणंही गेलंय. ऐकू येतं, पण समजतं किती ते सांगता येणार नाही." घरी आणल्यावर खळबाईने एकदा वर्तमानपत्र हातात देऊन बघितलं. आईने ते उलटं धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मग पुन्हा कुणी विचारायला गेलं नाही. चष्मा कपाटात गेला.

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं लोक छान मान हलवत म्हणतात. म्हणणाऱ्याने एकदा चादर बदलून बघावी. बाळ रोज थोडं वाढतं आणि आपण धुतलेलं एक ना एक दिवस संपणार असतं. इथे सगळं उलट्या दिशेने चाललेलं. खळबाईला पोटचं मूल नव्हतं, पण पन्नाशीत तिच्या पदरात हे सत्तर पार केलेलं बाळ पडलं, आणि हे बाळ तिच्याकडे बघून कधी हसत नव्हतं.

हसायची सवय आईला आधीही नव्हती म्हणा. आई म्हणजे एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात तीस वर्षं कपडे धुणारी बाई. चौथी पास. नवरा लवकर गेलेला, दोन पोरं, आणि हात असे की भांडं घासायला चोथा लागू नये. धुलाईघरात प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी बांधलेली असायची: उकळणे, साधे धुणे, जाळणे. आईने चिठ्ठीबाहेरचं काही केलं नाही. एकदा कुणीतरी कोऱ्या ब्लँकेटच्या गाठोड्याला चुकून भलतीच चिठ्ठी बांधली. आईने चाळीस कोरी ब्लँकेटं भट्टीत घातली. साहेब डोक्याला हात लावून ओरडला, "अहो बाई, नवीन होती ती! डोळ्यांना दिसत नव्हतं?" आई म्हणाली, "चिठ्ठीवर जाळणे लिहिलं होतं. लिहिलंय ते खरं." ही गोष्ट धुलाईघरात पुढे वीस वर्षं सांगितली जायची आणि सगळे पोट धरधरून हसायचे. आई सोडून.

दिवसा आईला सांभाळायला मावशी यायच्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, दंडात ताकद असलेल्या. सकाळी आठला येत, संध्याकाळी सहाला जात. खळबाई सहाला धापा टाकत जिना चढायची तेव्हा मावशी पिशवी घेऊन दारातच उभ्या. त्यांची बस सहा दहाची. तेवढ्या दहा मिनिटांत दिवसभराचं सांगायला लागायच्या: आजींनी असं केलं, आजींनी तसं केलं, आणि बस चुकायची, आणि दुसऱ्या दिवशी उशीर व्हायचा. शेवटी खळबाईने नियम केला. "मावशी, तोंडी काही नको. जे सांगायचं ते वहीत लिहा. मी वाचते."

वही तिने स्वतः शिवली. ग्रंथालयातले जाडसर ताव कापून, चाळीस कागद मधोमध दुमडून, मेण लावलेल्या दोऱ्याने एकाच घडीत शिवले. ऐंशी पानं, तळहाताएवढी. एक भरली की दुसरी. वहीला सुतळी बांधून ती खाटेच्या दांडीला अडकवलेली असे, भरलेल्या वह्याही तिच्या मागेच टांगलेल्या, म्हणजे शोधाशोध नको. पुढून मावशींनी लिहायचं: गोळ्या, खाणं, कूस बदलली ती वेळ. गोळीपुढे बरोबरची खूण.

आणि मागून, वही उलटी करून, खळबाई लिहायची.

ते कसं सुरू झालं हे तिलाही आठवत नव्हतं. आधी काहीतरी औषधाचं नाव लिहायला उघडलं असावं. मग एके संध्याकाळी तिने दिवसभर शिवलेल्या कादंबरीतली आई लिहून ठेवली. 'पहिली: मुलगा समुद्रावर गेला म्हणून वीस वर्षं दाराला कडी लावत नाही. चोरही आत येऊन तिच्या हातचं जेवून जातात.' मग दुसरी, तिसरी. पाचव्या वहीपर्यंत एकतीस आया झाल्या होत्या. एक आंधळी, जी मुलीच्या पावलांवरून तिचं दुखणं ओळखायची. एक, जिने पोरीच्या पेल्यातलं विषारी दूध आधी स्वतः चाखलं आणि वाचली ती पोर. एक, जी मरताना तीन पानं बोलते आणि शेवटी म्हणते, मी तुझ्या केसांत आहे.

'तीन पानं!' खळबाईने पुढे लिहिलं होतं. 'इथे चौदा महिन्यांत एक अक्षर नाही. पुस्तकातल्या आया दोनच प्रकारच्या. एक वाट बघणारी, एक मरणारी. हगणारी आई कुणी लिहिलीच नाही. पुस्तकातल्या आईची कूस बदलावी लागत नाही, तिच्या माकडहाडाला जखम होत नाही. लिहिणाऱ्यांनी बहुतेक आपापल्या आया बहिणींवर सोपवल्या असाव्यात.'

लिहिलं की तिला जरा मोकळं वाटे. मग ती स्वतःच्या आईबद्दलही लिहायला लागली. नऊ वर्षांची असताना अंग तापाने फणफणलेलं, आणि आई उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून, दाराला बाहेरून कुलूप लावून कामावर गेली होती. 'दिवसभर मी कुलपाकडे बघत होते. संध्याकाळी आली तेव्हा म्हणाली, रडून ताप उतरतो का? उठ, तोंड धू. एकतिसांपैकी एकीनेही असं केलं नाही. हिने माझा हात हातात घेतलेला मला आठवत नाही. रस्ता ओलांडताना मनगट धरायची. हात नाही.'

कोण वाचणार होतं? मावशींना घाईतलं अक्षर दिसलं की घाम फुटायचा, आणि बाई सचोटीची, दुसऱ्याचं उघडणारी नव्हे. दादा, म्हणजे खळबाईचा थोरला भाऊ, महिन्याच्या पहिल्या रविवारी परगावाहून यायचा, वही हातात घेऊन गोळ्यांच्या खुणा तपासनीसासारखा तपासायचा, पण पुढून. मागून कुणी वही उघडतं का? आणि आई तर वाचूच शकत नव्हती. खाटेवर बसून, आईच्या पायाशी, भात शिजेपर्यंत ती लिहायची. लिहून झालं की पुन्हा वाचायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. दोऱ्याची खूण पुढच्या कोऱ्या पानात घालायची आणि वही दांडीला टांगायची. जे मावशी पुढून लिहायच्या त्यातल्या फक्त गोळ्यांच्या खुणांवरून तिची नजर फिरायची. खुणा जागेवर आहेत ना? मग झालं. बाकी 'आजी अशा, आजी तशा' हे दमल्या डोळ्यांना वाचवत नसे. लिहा म्हणाली होती, वाचते म्हणाली होती. लिहून घेतलं, वाचायचं राहिलं.

मग तो सोमवार आला. ग्रंथालयात भिंतीला ओल येऊन दोन कपाटं भिजली होती, दिवसभर ओली पुस्तकं पानापानांत टिपकागद घालून वाळवली. घरी आली तर पाठीचे तुकडे पडलेले. आईला भरवायला बसली. आईने घास तोंडात धरून ठेवला, गालात. गिळेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. "गिळ ना," ती म्हणाली. मग ओरडली, "आई, गिळ!" मग आईच्या गालावर बोट दाबलं, जरा जास्तच जोरात, आणि तिथे पांढरा ठिपका उमटला. भात हनुवटीवरून गाऊनवर आला. तिने पुसला, गाऊन बदलला, चादर बदलली. आणि वही उलटी करून लिहिलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, आईने दूध घेतलं नाही. बुधवारी सकाळी ओठ मिटलेले. चमचा ओठाला लागला की ती मान भिंतीकडे वळवायची, हळू, उद्धटपणा नाही, पोट भरलेला माणूस करतो तशी. पाणी तेवढं घ्यायची, तेही गोळीपुरतं.

बुधवारी मावशी दारात थांबल्या होत्या. "ताई, एक सांगायचं होतं. आजी ना..."

"मावशी, बस चुकेल. लिहिलंय ना वहीत?"

"लिहिलंय."

"मग वाचते मी."

खळबाईने सगळं करून बघितलं. केळं कुस्करलं, बिस्किट दुधात भिजवलं, अंडं मऊसर उकडलं. लहान मुलाला करतात तसं 'हा घास चिऊचा'सुद्धा म्हणून बघितलं. म्हणताना स्वतःचीच लाज वाटली, कारण असलं काही तिला कुणी म्हटलेलं नव्हतं. आईने फक्त तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यानेच ती जास्त घाबरली. आठव्या दिवशी गालफडं आत गेली. अकराव्या दिवशी, शनिवारी, डॉक्टर घरी आले, आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. "सोमवारपर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल," ते जिन्यात म्हणाले. "या अवस्थेत नळीही झेपेल असं नाही. काहीही करून चार चमचे पोटात घाला."

काहीही करून! खळबाई जिन्यातच पायरीवर बसली. तिला वाटायचं, आई गेली तर सुटू. आता खरंच जाणार म्हटल्यावर तिला आई हवी होती. हे विचित्र होतं, पण तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. मावशींची सुट्टी. दादा सकाळी दहाला आला, शर्टाच्या खिशाला पेन, हातात संत्र्यांची पिशवी. आईकडे बघून त्याचा चेहरा उतरला. आणि चेहरा उतरला की दादाला चिडण्याशिवाय दुसरं काही येत नसे.

"बारा दिवस! आणि मला काल फोन करतेस?"

"रोज वाटायचं, आज खाईल."

"औषधं तरी चालू आहेत का?" त्याने खुर्ची ओढली, दांडीची वही काढली आणि पुढून पानं उलटायला लागला. खाटेवर आईने डोळे उघडले. वही दादाच्या हातात बघून तिचा श्वास जरा भरभर व्हायला लागला, पण ते त्या दोघांच्या लक्षात आलं नाही. पान उलटता उलटता एक पान दादाच्या हातातच आलं. अख्खं, सुटं.

"हे बघ," तो म्हणाला. "साधी वही नीट शिवता येत नाही? बाइंडर ना तू?"

"माझी शिवण सुटत नाही," खळबाई म्हणाली.

"मग हे काय आहे? मीच फाडलं का?" त्याने पान वहीवर ठेवून वही तिच्या मांडीवर टाकली. "मी खाली जातो. त्या डॉक्टरला फोन करतो. इथे रेंज पण नाही."

तो गेला. जिन्यावर त्याचे बूट वाजले.

खळबाईला खरं तर आईचं बघायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षांची सवय. माझी शिवण सुटत नाही, हे तिला सिद्ध करायचं होतं, निदान स्वतःपुरतं. तिने पान उचललं. घडीची कड बघितली. टोच्याची भोकं ओरबाडलेली, दोरा जागेवर. म्हणजे शिवण सुटली नव्हती. पान ओढलं गेलं होतं, पण हे नव्हे. याचं जोडपान.

तिने मोजलं. सुटलेलं पान पुढून सतरावं. मग वही उलटी करून मागून मोजायला लागली. चौदा, पंधरा, सोळा. सोळाव्यानंतर तिचंच अक्षर, पण एकदम बुधवारचं. सोमवारचं पान नव्हतं.

सोमवारी काय लिहिलं होतं ते तिला आठवायला वेळ लागला नाही. शब्द न् शब्द आठवला. 

हातातलं सुटं पान मावशींचं. एका बाजूला सोमवार, दुसऱ्या बाजूला मंगळवार. ठळक, सुटं सुटं अक्षर, रेघेच्या खाली उतरणारं. पहिल्यांदा तिने गोळ्यांच्या खुणा सोडून बाकीचं वाचलं.

'मंगळवार. दुपारी आजींनी हाताने वही मागितली. कपाटातला चष्मा लावून दिला, रोजच्यासारखा. वही उलटी करून बसल्या. बोट ओळीवरून सरकते. आजींना वाचता येते असे मला वाटते. ताईंना सांगणे. मी भांडी घासून आले तर आजी रडत होत्या. संध्याकाळी दूध नको म्हणाल्या, मानेने.'

रोजच्यासारखा. तिने मागची पानं उलटली. 'आजींना वही दिली की शांत.' 'आजी वहीत बघून हसल्या, का ते माहीत नाही.' 'आजी बोटाने पान उलटा म्हणतात.' सहा आठवडे. वाचणं कधीतरी हळूहळू परत आलं होतं, आणि खाटेवर पडल्या पडल्या आईला वाचायला घरात एकच गोष्ट होती. एकतीस आया तिने वाचल्या होत्या. कुलूप वाचलं होतं. हात नाही, मनगट, तेही.

मग बुधवारचं पान. 'उजव्या हाताची मूठ धुवू दिली नाही. हात छातीशी धरला.' गुरुवार: 'मूठ धुवू दिली नाही.' शुक्रवार: 'मूठ नाही. ताईंना सांगणे.'

खळबाई उठली. खाटेवर टेकली. आई तिच्याकडेच बघत होती.

"आई, हात दे."

आईने दिला नाही. तिने स्वतःच तो वळलेला हात मांडीवर घेतला. वास सुटला होता. अंगठा आधी सोडवायचा, मग करंगळीकडून एकेक, हे तिने शेकडो वेळा केलं होतं. आईचा डावा हात मध्ये येऊन अडवत होता, पण त्यात चिमणीएवढंही बळ उरलं नव्हतं. मधलं बोट सुटलं तेव्हा आत कागदाचा गोळा दिसला. घामाने मऊ पडलेला, तळव्यात नखांच्या खुणा. तिने तो उलगडला. जाड कागद, चांगला कागद, शाई फुटली तरी अक्षर जात नाही.

'आज ती गिळत नव्हती. मनात आलं, नकोच गिळूस. तू खायचं बंद केलंस तर आपण दोघी सुटू.'

तिच्या तोंडून आवाज निघाला तो रडण्याचा होता की काय कुणास ठाऊक. "आई, मी दमले होते गं. मी दमले होते. ते खरं नाही. लिहिलं असलं तरी खरं नाही!"

आई तिच्याकडे बघत राहिली. आणि जिन्यात बूट वाजले.

"सोमवार सकाळ म्हणतोय तो," दादा दारातूनच बोलत आला. मग थांबला. "काय झालं? रडतेस कशाला? हातात काय आहे ते?"

 पान उघडं, खळबाईच्या तळव्यावर. तेव्हा आईचा डावा हात हलला. चादरीवरून तो घसटत आला, वाटेत एकदा थांबला, आणि मुलीच्या तळव्यावर येऊन पडला. मग त्या हाताने मुलीची बोटं, एकेक करून, पानावर मिटवली. मिटवली आणि वरून तशीच धरून ठेवली.

मंगळवारी ते पान का फाडलं गेलं, ते खळबाईला त्या क्षणी कळलं. पहिल्या रविवारी दादा येणार होता. वही हातात घेणार होता. एका हाताने, बारीक होत चाललेल्या एका हाताने, आईने ते ओढून काढलं होतं आणि घरात जिथे कुणी बघणार नाही अशा एकाच जागी लपवलं होतं. आणि मग त्यात लिहिलं होतं तसं वागायला घेतलं होतं.

"काही नाही," खळबाई म्हणाली. "मूठ धूत होते तिची."

दादा खिडकीकडे जाऊन उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. त्यालाही एकच आई होती.

"खातेस?" खळबाईने आईला विचारलं. आईने उत्तरासाठी तिच्याच तोंडाकडे बघितलं, परवानगी मागावी तसं. "खा गं. खा. मी सांगते ना."

आईने तोंड उघडलं. लगेच, आज्ञेत असल्यासारखं. संत्र्याचा रस दोन चमचे आत गेला. तिसरा गेला पण उतरला नाही, ठसका लागला, ओठांच्या कोपऱ्यातून परत आला. तरी तिने चौथ्यासाठी तोंड उघडलं. गळा गिळणं विसरला होता, पण ती उघडून बसली, खळबाईने चमचा खाली ठेवेपर्यंत.

सोमवारी नळी घातली. बुधवारी छातीत पाणी भरलं. गुरुवारी दुपारी, मावशी कूस बदलत असताना, आई गेली. एक शब्दही बोलली नाही. मावशींनी वहीत वेळ लिहिली, आणि त्यापुढे सवयीने बरोबरची खूण केली, मग ती खोडली.

महिन्याभराने खळबाईने वही तळघरात नेली. ते पान फेकून देणं सोपं होतं, तिने तसा विचारही केला. पण ते गेलं तर मावशींचं पान उभं राहिना. दोन्ही एकच कागद होते. मग तिने चुरगळलेलं पान ओलसर करून वजनाखाली सरळ केलं, पातळ कागदाची पट्टी लावून मावशींच्या पानाला जोडलं आणि ओरबाडलेल्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पाडून वही पुन्हा शिवली. हातांना दुपारभर खळीचा वास येत होता. वरून ग्रंथपालबाईंनी चहाला हाक मारली, ती गेली नाही.

वही उलटी करून तिने दोऱ्याची खूण काढली. एकतिसाव्या आईच्या खाली जागा होती. पेन बराच वेळ हातात राहिलं, कारण आता काय लिहायचं याची तिला भीती बसली होती.

मग तिने लिहिलं.

'बत्तिसावी: चौथी पास. वाचताना चष्मा लागतो. लिहिलेलं खरं मानते.'